अडलेल्याची खुर्ची

४ ऑगस्ट

धाकट्या,

फोन करू नकोस. जे काय असेल ते पत्रात लिही. फोनवर तू चिडतोस, मला फोनवरचं भांडण जमत नाही, आणि शेवटी कुणाचा राग कुणाकडे राहिला तेही कळत नाही. परवा तू फोन केलास तेव्हा तुझे भाऊजी म्हणाले ना, की ती बाहेर गेलीय? मी घरातच होते. मीच त्यांना हातानं खूण केली.

बातमी अशी की तुझी आठवी माझ्या गळ्यात पडली आहे. हेडसरांनी बोलावलं आणि आधी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पाणी पुढे आलं की नको ते काम येतंय हे आपल्या शाळेत शिपायालाही ठाऊक आहे. म्हणाले, "तुमच्या भावानं वर्ग अर्ध्यावर सोडला. वर्ष सुरू झाल्यावर मी नवा माणूस कुठून आणू? तुम्हीच सांभाळा, पण त्याच्याच पद्धतीनं. वर्ग चालला तर पुढच्या वर्षी सगळी शाळा तशी करू. नाही चालला तर बाकं पुन्हा रांगेत." दारापर्यंत गेल्यावर पुढे म्हणाले, "आणि बाई, नाहीच झेपलं तर ऑफिसात रेकॉर्डचं काम आहे." म्हणजे मला निवांत बसायला जागाही त्यांनी बघून ठेवली आहे.

मी रेकॉर्डच्या खोलीत जाणार नाही. मला शिकवता येतं आणि मी शिकवतच निवृत्त होणार, एवढं तूही लक्षात ठेव.

तू सगळ्यांना सांगत फिरतोस की सख्ख्या बहिणीनं सभेत पाय ओढले म्हणून शाळा सोडली. तू शाळा सोडलीस कारण तुला प्रशिक्षण केंद्रात जागा मिळाली. आता तू मास्तरांना शिकवतोस, मुलांना नाही. मी सभेत एवढंच म्हणाले होते की मुलांची तोंडं फळ्याकडे हवीत. आणि तू सगळ्या स्टाफसमोर हसून म्हणालास, "ताई, तोंडं एकमेकांकडे असली की मुलं शिकतात." ते हसणं मी विसरलेले नाही.

आता पहिल्या दिवसाची गंमत ऐक. तू बाकांची चार बेटं करून ठेवली आहेस हे माहीत होतं. पण मास्तरांची खुर्ची वर्गाच्या मध्यावर आणून ठेवली आहेस आणि तिला काही कायदा लावला आहेस, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सवयीनं जाऊन खुर्चीत बसले आणि हजेरी उघडली. मुलांचे चेहरे असे खुलले की विचारू नकोस. तुझा तो मॉनिटर, ज्याला सगळे वकील म्हणतात, उभा राहिला.

"बाई, काय अडलंय?"

"मला काय अडणार? तुझंच डोकं कुठेतरी अडलेलं दिसतंय."

"नाही, पण तुम्ही अडलेल्याच्या खुर्चीत बसलात. ज्याला काही कळत नाही तो इथे बसतो, आणि त्याला कळेपर्यंत बाकीच्यांनी सोडायचं नाही. सरसुद्धा बसायचे."

उठावं तर पळाल्यासारखं दिसलं असतं. मग मीच डाव टाकला. म्हटलं, बरं, कुठल्याही संख्येला अर्ध्यानं भागलं की उत्तर मोठं कसं येतं, भागल्यावर तर कमी व्हायला हवं? एका मुलीनं सरळ वेणीची रिबीन सोडली, दोघींनी ती माझ्यासमोर ताणून धरली आणि तिसरीनं तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या हाताचे तुकडे मोजून दाखवले. लांबी तेवढीच आणि तुकडे दुप्पट. मी जन्मभर "उलटा करा आणि गुणा" एवढंच सांगत आले. मला ते माहीत नव्हतं असं नाही, पण असं समोर धरलेलं कधी पाहिलं नव्हतं. हे तुला सांगायची इच्छा नव्हती, तरी लिहिलं गेलं.

तू जाताना त्या अबोल मुलीबद्दल ठेवलेली चिठ्ठी मिळाली. "कुजबुजकडे लक्ष दे. आत्ता कुठे बोलायला लागली आहे. तिचं बोलणं मध्ये तोडू नकोस." नाही तोडणार. मी काय राक्षसीण आहे?

तुझी ताई


२३ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं उत्तर पोचलं. चार ओळींचं पत्र म्हणजे तू फक्त शाई वाया घालवलीस. त्यातल्या दोन ओळी कुजबुजच्या चौकशीत. बहिणीची तब्येत, घर, भाऊजी, कशाची विचारपूस नाही. असो.

वर्ग चालला आहे. लोकांना वाटतं मुलांच्या हाती वर्ग दिला की बाईंना आराम. मी घरी येते ती बाजारात दिवसभर टोपली घेऊन बसल्यासारखी. चार गट एकाच वेळी बोलतात. मी एका गटापाशी वाकले की तीन गटांच्या पाठी माझ्याकडे. कोण बोललं, कोण हसलं, कुणी कुणाला चिमटा काढला, काही पत्ता लागत नाही. पूर्वी अख्खा वर्ग समोर असायचा. "उभी राहा, मान वर कर, माझ्याकडे बघून स्पष्ट बोल." यासाठी मुलांनी मला ताठमान म्हणून नाव ठेवलं होतं, मला माहीत आहे. चांगलं नाव आहे, मला आवडायचं.

मी एक बदल केला. खुर्ची मध्यावरून उचलून खिडकीसमोर ठेवली, म्हणजे खुर्चीतल्या मुलाच्या तोंडावर उजेड पडतो. वकिलानं विचारलं, का? म्हटलं, उजेड बरा. तो म्हणाला, "सर म्हणायचे अडलेला माणूस सगळ्यांच्या मध्ये हवा, कडेला नको." तुझा चेला जागेवर कायदा शिकवतो. मी कानाडोळा केला.

युक्त्या शिकले आहे. गटातलं मूल काही सांगू लागलं की मी त्याच्या तोंडाकडे बघते, मान हलवते आणि शेवटी "छान" म्हणते. तुझ्या त्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत लिहिलंच आहे की मुलाला चूक म्हणू नका, आधी प्रोत्साहन द्या. मग काय, माझं छान दिवसभर चालू असतं. शिपायानं चहा आणला तर त्यालाही छान म्हणून टाकलं. तो खूश.

आता तुझी कुजबुज. तुला वाटतं तितकी ती बोलत नाही. ती खाली बघून, स्वतःच्या हातांना सांगितल्यासारखं बोलते. तिची पाळी आली की सगळा वर्ग पुढे झुकतो, हे मी पाहिलं आहे. तू त्यांना तिच्यासाठी पुढे झुकायला शिकवलंस, हे चांगलं केलंस. मीही झुकते. वही नीटनेटकी आहे. परवा तिनं त्रिकोणाचे कोन कागद फाडून जुळवून दाखवले, तेव्हा तिचे हात इतके ठाम होते की मला वाटलं, हिला शब्दांची गरजच काय. तेवढ्यापुरतं मला तिचं सगळं कळलं.

भाऊजी म्हणतात, धाकट्याला सगळं सांगून टाक. काय सांगू? सगळं ठीक आहे.

तुझी ताई


१६ सप्टेंबर

धाकट्या,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

कुजबुज शाळा सोडून गेली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

गेल्या आठवड्यात शेवटच्या तासाला ती आपणहून येऊन अडलेल्याच्या खुर्चीत बसली. यापूर्वी कधी आपणहून बसली नव्हती, मला बरं वाटलं. ती बोलू लागली. नेहमीसारखी मान खाली, हात मांडीवर. बराच वेळ बोलली. वर्ग पुढे झुकलेला, कुणाची हालचाल नाही. मला वाटलं ती काहीतरी अवघड उदाहरण मांडते आहे आणि सगळे गुंगले आहेत. ती थांबली, मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "छान. जा, बस जागेवर."

ती जाऊन बसली. तास संपला.

त्यानंतर ती आली नाही. तीन-चार दिवसांनी हजेरी घेताना मी विचारलं, आजारी आहे का ती? वकील उभा राहिला. मान वर, नजर माझ्याकडे, एक-एक शब्द सुटा, अगदी मी शिकवते तसा. "बाई, तिच्या आईचा हात लाँड्रीच्या इस्त्रीत सापडला. आईच्या जागी तिला कामाला लावणार आहेत, असं तिनं सांगितलं. मला शाळा सोडायची नाही, बाई, तुम्ही माझ्या आईशी बोलाल का, असं तिनं तुम्हाला विचारलं. तुम्ही छान म्हणालात."

आणि मी काय केलं सांगू? मी म्हटलं, "बघते मी. पुस्तकं काढा."

मुलांनी पुस्तकं काढली. त्या दिवसापासून वर्गात कुणी बोलत नाही. मी प्रश्न विचारला की सगळे बाकाकडे बघतात. गट तसेच आहेत, बेटं तशीच आहेत आणि मधलं पाणी गोठलंय. तुझा वर्ग माझ्या हातात मेला असं तू म्हणशील. म्हण.

ताई


५ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी चार ओळी नव्हत्या. "तू माझ्यावरचा राग त्या पोरीवर काढलास." "तुला पहिल्यापासून हा वर्ग बुडवायचाच होता." "आईनंतर तूच मला वाढवलंस, आणि तू अशी निघशील असं वाटलं नव्हतं." मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. भाऊजींनी हातातून काढून घेतलं, वाचलं आणि एवढंच म्हणाले, "आता तरी लिही. नाहीतर मी फोन लावतो."

मला ऐकू येत नाही, धाकट्या.

थोडं येतं. समोरासमोर, एकच माणूस, तोंडावर उजेड आणि बाजूला गोंगाट नाही, असं असलं की येतं. त्यातलंही निम्मं मी ओठांवरून वाचते. बाकी सगळं कापसातून आल्यासारखं. उजवा कान तर नुसता शोभेला आहे.

कधीपासून ते नक्की सांगता येणार नाही. आधी शाळेची घंटा गेली. मी घंटा झाल्यावरही शिकवत राहायचे आणि सगळे म्हणायचे, बाईंची तळमळ बघा. त्या तळमळीबद्दल स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला, तू टाळ्या वाजवत होतास. टाळ्या दिसत होत्या. मग कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप. भाऊजी म्हणतात, बायको ऐकत नाही अशी तक्रार सगळेच नवरे करतात, फक्त माझ्याकडे डॉक्टरचा दाखला आहे. ते हसवतात म्हणून दिवस निघतात.

कानातलं यंत्र आणलं आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडून, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. बटणांच्या डब्यात ठेवते. घरात भाऊजींशी बोलताना त्याचा उपयोग होतो. एकदा केसांखाली लपवून वर्गात लावून गेले. बाकांचं सरकणं, पंखा, खोकला, चाळीस तोंडं, सगळं एकच ढीग होऊन डोक्यावर कोसळलं. मी बाथरूममध्ये जाऊन ते काढलं आणि तिथेच रडले.

आता सभेतलं बोलणं परत आठव. मी तुझ्या पद्धतीच्या विरुद्ध नव्हते रे. मी पाठींच्या विरुद्ध होते. रांगेत सगळी तोंडं माझ्याकडे असतात. मी विचारलं, एक मूल उभं राहिलं, माझ्याकडे बघून बोललं, की माझं भागत होतं. त्याच्या जोरावर मी इतकी वर्षं काढली आणि कुणाला वास लागू दिला नाही. तू बाकं वळवलीस आणि माझ्या पायाखालची जमीन गेली. तुझ्या त्या पुस्तिकेत शिक्षकानं ऐकावं, ऐकत राहावं, कमी बोलावं, असं पानोपानी लिहिलं आहे. ज्याला ऐकूच येत नाही त्यानं काय करावं, त्याबद्दल एक ओळ नाही.

तुला का सांगितलं नाही? आपल्या चित्रकलेच्या सरांचा हात थरथरायला लागला तेव्हा काय झालं, तूच आठव. आधी सगळे हळहळले आणि पुढच्या सहामाहीला सर भांडारात खडू मोजत होते. मला तसं नको होतं. आणि तू तर कीव केली असतीस. तुला मी पाढे शिकवले, तुझं नाक पुसलं. तुझी कीव मला गिळवली नसती.

वकिलानं सगळं सांगितलं तेव्हा "मला ऐकू आलं नव्हतं" एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्या जिभेवर होतं ते. पण मी दुष्ट ठरणं पसंत केलं, बहिरी ठरणं नाही. तुझं पत्र वाचल्यावर मला ते कळलं. तू लिहिलंस तितकी वाईट मी नाही, पण हे त्याच्याहून फार बरं आहे असंही नाही.

ताई


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. फोन मात्र रोज वाजतो, असं भाऊजी सांगतात. थांब जरा, मला हे आधी लिहू दे.

सोमवारी मी वर्गात गेले, खिडकीसमोरची खुर्ची उचलली आणि मध्यावर नेऊन ठेवली. मग तिच्यात बसले. वकील उठला, नाइलाजानं उठावं तसा. खुर्चीचा कायदा मोडायचा नाही म्हणून उठला, माझ्यासाठी नाही.

"काय अडलंय, बाई?"

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "ती बोलली तेव्हा मला एक शब्दही ऐकू आला नव्हता."

वर्गात शांतता पसरली का, ते मी सांगू शकत नाही. कुणाचे ओठ हलत नव्हते.

"मग छान का म्हणालात?"

"काय म्हणालीस, असं परत विचारायची लाज वाटली म्हणून."

त्यानं मला माफ केलं नाही. मला ते दिसलं आणि मला ते योग्यच वाटलं. पण ती खुर्ची आहे, धाकट्या, आणि तू त्यांना एकदा पक्कं शिकवून ठेवलं आहेस की त्या खुर्चीतल्या माणसाला कळेपर्यंत सोडायचं नाही. रिबीनवाली पुढे आली. माझ्या डाव्या बाजूला उभी राहून काही बोलली, मग उजव्या, मग मागे. ऐकू आलं की बोट वर करायचं, असं मला समजावलं. मग दुसरी आली, जाड आवाजाची. मग दारापासून, मग खिडकीपासून. एकानं फळ्यावर वर्गाचा नकाशा काढला आणि जिथून मला ऐकू येतं तिथे रेघा मारल्या. उरलेली जागा त्यानं खडूनं पांढरी करून टाकली. खूप पांढरी होती.

मी इतक्या डॉक्टरांपुढे बसले, पण माझं न ऐकणं असं कुणी माझ्यासमोर काढून दाखवलं नव्हतं. लाज गेली असं नाही म्हणणार. पण मान वर करून तो फळा बघता आला.

मग त्यांनी बाकं हलवली. रांग नाही आणि बेटंही नाहीत. घोड्याच्या नालासारखी, उघडी बाजू माझ्याकडे. सगळ्यांना एकमेकांची तोंडं दिसतात आणि मला सगळ्यांची. बोलणाऱ्यानं आधी हात वर करायचा, मी त्याच्याकडे वळले की मग तोंड उघडायचं. दोन दिवस आम्ही असे शिकलो. दोन्ही दिवस मी "छान" हा शब्द तोंडातून काढला नाही. "परत सांग" म्हणाले. पुष्कळदा म्हणाले. माझ्या नोकरीत मी इतक्या वेळा कधी मुलांना परत सांग म्हटलं नव्हतं, आणि परत सांगताना ती जास्त नीट सांगतात, हे तुला माहीत असणार. मला आत्ता कळलं.

तुझी पद्धत खरी आहे. घे, लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी हेडसर येऊन मागच्या बाकावर बसले. मुलं हात वर करतात, बाई वळतात, मग मुलं बोलतात. सर बघत राहिले. निघताना दारातून, माझ्या पाठीमागून, त्यांनी मला हाक मारली असावी. मला कळलंच नाही. सगळ्या मुलांनी एकदम बोट दाखवलं आणि मी मागे वळले.

सरांनी केबिनमध्ये पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

ताई


११ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं लांबलचक पत्र आलं, त्यातली शाई दोन ठिकाणी पसरली आहे. मी ते कुणाला दाखवलेलं नाही. तू लिहिलंस, "मला का कळलं नाही, मी तर समोर होतो." समोर होतास म्हणूनच कळलं नाही. समोरचं माणूस मला ऐकू येतं. स्वतःला दोष देऊ नकोस, तेवढं काम माझ्याकडे राहू दे.

रेकॉर्डची खोली जिन्याखाली आहे. खिडकी नाही, ट्यूब आहे. सर चांगलं बोलले, कागदही चांगल्या शब्दांत केला. हाकलून दिल्यासारखं वाटलं नाही, फक्त रिकामं वाटलं. तुझ्या आठवीत एक तरुण सर आले आहेत, घसा चांगला आहे. बाकं पुन्हा रांगेत लागली. प्रयोग बंद, असं सूचना फलकावर एका ओळीत आहे. नाल दोन दिवस टिकला.

मी लाँड्रीत गेले होते. मुलांनीच पत्ता दिला. वकील म्हणाला, "तुम्ही स्वतः जा." मी गेले.

मोठी शेड आहे, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. भिंतीला लागून पिंपांएवढी यंत्रं फिरत असतात, जमीन पायाखाली हलते. मी दारात उभी राहिले आणि मला एक गोष्ट दिसली. तिथे कुणालाच ऐकू येत नाही. यंत्रांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जाणार? बायका एकमेकींकडे तोंड करतात, ओठ मोठे हलवतात, हातानं दाखवतात, हसतात, भांडतात. शेडच्या या टोकाची त्या टोकाच्या बाईला सगळं सांगते. मला अख्ख्या शेडचं बोलणं कळत होतं. कुणाचा मुलगा आजारी, कुणाचा नवरा परत आलेला. कितीतरी वर्षांनी मला एका खोलीतलं सगळं कळत होतं, आणि ती ही खोली होती.

कुजबुज चादरींच्या टेबलापाशी होती. डोक्याला फडकं. दुसऱ्या बाईबरोबर चादरीची टोकं धरून घडी घालत होती, हात तसेच ठाम. मला बघून टोक सोडलं नाही, घडी पुरी केली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "तू बोललीस ते मला ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू येत नाही. तुझ्या आईशी बोलायला आले आहे."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग बोलली. मान वर करून, डोळ्यांत बघून, ओठ मोठे हलवत, अगदी सावकाश. मी तिला वर्षभर शिकवलं असतं तरी ती असं बोलली नसती. एकेक शब्द कळला.

"आई आधी नाहीच म्हणत होती, बाई. इथेच कामाला असलेली मावशी माझ्या मागे लागली होती. मग आईनं घरी मला विचारलं, शाळेत काय म्हणाल्या? मी सांगितलं, बाई छान म्हणाल्या. मग आई गप्प बसली. म्हणाली, बाईंनाच बरं वाटतंय तर जाऊ दे."

मी तिच्या आईशी बोलले. आईच्या हाताला अजून पट्टी आहे, बोटं वळत नाहीत. मी म्हटलं चूक माझी होती, मुलीला परत पाठवा, मी शिकवीन, घरी येऊन शिकवीन. आईनं पट्टीचा हात पदराखाली घेतला. म्हणाली, "आता नाही, बाई. आता सवय झाली सगळ्यांना." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

निघताना कुजबुज दारापर्यंत आली. म्हणाली, रविवारी चालेल का? सुट्टी असते. मी म्हटलं ये. पहिल्या रविवारी आली. कालच्या रविवारी आली नाही. पुढच्या रविवारी येईल असं मी धरून चालले आहे. टेबलाशी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आहेत.

आता तुझं. तू लिहिलंस की पुढच्या महिन्यात येतो, तोवर निदान एकदा तुझ्याशी बोलू दे. मी इतके महिने तुला फोन करू नकोस म्हणत आले. आता कर. रविवारी संध्याकाळी कर. वाजला की भाऊजी खूण करतील, मी डाव्या कानाला लावीन. तू काय बोलतोस ते मला कळणार नाही. तरी सगळं बोल, घाई करू नकोस. तुझा आवाज येतोय एवढं मला समजेल. आणि तू थांबलास की मी "परत सांग" म्हणेन. तुला कितीही कंटाळा आला तरी मी "परत सांग" म्हणेन. छान म्हणणार नाही.

तुझी ताई